पाच दिवसांचा रसाहार: आधी गोळ्यांचं बघा, मग बॅग भरा

वाचक लिहितात: ‘वय ५४, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो. आठ वर्षांपासून बीपी आणि शुगर आहे. सकाळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली एक गोळी, आणि जेवणाआधी दोन्ही वेळा ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी घेते. पुण्याजवळच्या एका निसर्गोपचार केंद्रात दहा दिवसांसाठी नाव नोंदवलं आहे, त्यात पाच दिवस फक्त रस आणि पाणी. तीन आठवडे हातात आहेत. एकादशी, चतुर्थी वर्षानुवर्षं करते, त्यामुळे उपाशी राहायची भीती नाही. पण नेमकं काय होतं, काय तयारी करू, शुगर कायमची जाईल का? आमच्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ते नकोच म्हणतील. मिस्टरांना हे सगळं थोतांड वाटतं. सांगलीहून एसटीने जाणार-येणार आहे.’

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य डॉक्टरांना न सांगण्याचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पाच दिवस रसावर राहणं तुमच्या वयाच्या आणि वजनाच्या बहुतेकांना झेपतं. धोका भुकेत कमी आणि तुमच्या त्या दोन गोळ्यांमध्ये जास्त आहे.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पोटात भाकरी नसताना ती घेतली, तर शुगर पन्नास-साठपर्यंत उतरू शकते, आणि तिचा असर दिवसभर टिकत असल्यामुळे हा प्रकार पहाटे झोपेतही घडू शकतो. मेटफॉर्मिन एकटी सहसा शुगर खाली नेत नाही, पण रिकाम्या पोटी मळमळ वाढवते, आणि उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं तर तिची इतर जोखीम वाढते. तुमच्याकडे या दोन्ही एकाच गोळीत आहेत, म्हणजे अर्धी तोडून ‘कमी’ घेण्यात अर्थ नाही. किती दिवस आधी थांबवायची, थांबवायची की बदलायची, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

बीपीच्या गोळीतला हायड्रोक्लोरोथायझाइड हा भाग लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतो. उपवासात इन्सुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंड स्वतःहूनच जास्त मीठ सोडायला लागतं. दोन्ही एकत्र आलं की सोडियम घसरतो, बीपी कोसळतं, आणि माणूस रात्री लघवीला उठताना बाथरूमच्या दारात पडतो. उपवासातल्या अपघातांमध्ये हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात टाळता येण्याजोगा आहे.

तेव्हा या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. ‘उपवास करू का?’ असं विचारलंत तर ‘नको’ हे उत्तर मिळेल आणि विषय संपेल. त्याऐवजी केंद्राचा कार्यक्रम कागदावर लिहून न्या: कोणत्या तारखेपासून किती दिवस, रोज साधारण किती कॅलरी, तिथे डॉक्टर आहेत का, शुगर आणि बीपी दिवसातून किती वेळा मोजतात. मग विचारा, कोणती गोळी कोणत्या तारखेला बंद करायची, शुगर आणि बीपी कितीच्या वर गेलं तर परत घ्यायची, कितीच्या खाली गेलं तर उपवास सोडायचा, आणि घरी आल्यावर कोणती कधी सुरू करायची. चारही उत्तरं त्यांच्याच चिठ्ठीवर लिहून घ्या आणि तिची एक प्रत केंद्रात दाखल होताना द्या. एवढं करूनही ते ‘नको’ म्हणाले, तर कारण विचारा. कारण मूत्रपिंडाचं किंवा हृदयाचं असेल, तर मुकाट्याने ऐका. नुसती नावड असेल, तर दुसऱ्या फिजिशियनचं मत घेता येतं. लपवून जायचा मार्ग मात्र नाही.

सोबत तपासण्या: उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, युरिक ॲसिड, हिमोग्लोबिन, ईसीजी. पोटाची सोनोग्राफी झालेली नसेल, तर तीही करून घ्या. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, आणि आधीचे असतील ते त्रास देऊ लागतात. युरिक ॲसिड एवढ्यासाठी की उपवासात तयार होणारी कीटोन द्रव्यं मूत्रपिंडातून युरिक ॲसिडची वाट अडवतात. ज्यांना गाऊट आहे, त्यांचा अंगठा तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुजून लाल होतो तो यामुळे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठरा वर्षांखालची मुलं, आधीच सडपातळ असलेले, मूत्रपिंडाचे रुग्ण, आणि खाण्याशी मनाचं भांडण असणारे, यांनी या वाटेला जाऊ नये. शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल, तर जास्तच सावध. उपवासात या गोळ्यांमुळे शुगर वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊन जिवावर बेतू शकतं. शस्त्रक्रियेच्या आधीसुद्धा त्या किमान तीन दिवस बंद ठेवतात. रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि मनोविकारावर देतात ते लिथियम यांचंही गणित उपवासात बिघडतं. थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर नेहमीसारखी चालते.

आता तुमच्या एकादशीबद्दल. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेल्या एका प्लेट खिचडीत चारशेच्या आसपास कॅलरी सहज जातात, आणि वर बटाट्याचा कीस, वरी, केळं. त्या दिवशी शरीराला उपवासाचा पत्ताही लागत नाही. तुम्ही जे करायला निघाला आहात ते वेगळं आहे, आणि एकादशीचा अनुभव तिथे फारसा कामाला येणार नाही.

तिथे काय होतं ते सांगतो. यकृतात साठलेली साखर साधारण चोवीस तासांत संपत येते. ही साखर आपल्याबरोबर जवळपास तिप्पट वजनाचं पाणी धरून असते, ते पाणी सुटतं. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत सारखी लघवी होते आणि काटा भराभर खाली येतो. दुसरा दिवस बहुतेकांना सगळ्यात वाईट जातो: डोकं जड, चिडचिड, तोंडाला चव नाही, आणि डोळ्यांपुढे सारखी फोडणीची आमटी. तिसऱ्या दिवसापर्यंत शरीर चरबीपासून कीटोन बनवून मेंदूला पुरवू लागतं आणि भूक बऱ्यापैकी मंदावते. श्वासाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो, जिभेवर पांढरा थर जमतो. थंडी जास्त वाजते, झोप पहाटे तीनलाच मोडते. शौचाला होत नाही, कारण व्हायला आत काही नसतं. हे सगळं अपेक्षित आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी काहींना विलक्षण हलकं वाटतं, काहींना जिना चढवत नाही. आपण यातल्या कोणात बसणार, हे आधी कळत नाही.

काही ठिकाणी जिभेचा थर, डोकेदुखी, अगदी चक्करसुद्धा ‘विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत’ म्हणून समजावतात. हे ऐकून घ्या आणि सोडून द्या. जिभेवर थर येतो कारण चावणं थांबतं आणि लाळ कमी होते. डोकं दुखतं ते बहुतेक वेळा चहा बंद झाल्यामुळे. चक्कर येते ती मीठ-पाण्याची कमतरता आणि उतरलेलं बीपी यांमुळे, आणि तिच्यावर उपाय करायचा असतो, तिचं कौतुक नाही.

चहाचा बंदोबस्त आजच सुरू करा. चहा एकदम सोडला की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी ते टिपेला जातं आणि आठवडाभरही रेंगाळू शकतं. तो दिवस आणि उपवासाचा दुसरा दिवस एकत्र आला, तर बरेच जण तिथेच बॅग भरून परत निघतात. तीन आठवडे आहेत, तेव्हा दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत जा आणि जाण्याच्या चार दिवस आधी शून्यावर या. गवती चहा चालेल. शेवटच्या आठवड्यात रात्रीचं जेवण सातच्या आत, तळलेलं आणि मैद्याचं बंद. शेवटचे दोन दिवस मऊ मुगाची खिचडी, दुधी-पडवळासारख्या भाज्या, ताक. ‘उद्यापासून काही मिळणार नाही’ म्हणून आदल्या रात्री पुरणपोळी हाणणारे दुसऱ्या दिवशी पोटात गुबारा धरून बसतात.

दिवस साधारण असा जातो. पहाटे पाच-साडेपाचला उठणं, प्रार्थना किंवा योगासनं, पोटावर वीस-तीस मिनिटं मातीपट्टी, एनिमा, मालिश, कटिस्नान (कंबरेपर्यंत पाण्यात बसणं), मग रस आणि विश्रांती. संध्याकाळी सहाच्या सुमारास शेवटचा रस, नऊला दिवे बंद. उपवासाचे दिवस किती, हे दाखल झाल्यावर तिथले डॉक्टर ठरवतात. फोनवर पाच सांगितले असले तरी तपासणीनंतर तीन म्हणाले, तर वाद घालू नका.

महाराष्ट्रात या पद्धतीचा धागा गांधीजींपर्यंत जातो. उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम त्यांनी १९४६ साली सुरू केला. त्यांच्या मोठ्या उपवासांचे दाखले तिथल्या गप्पांत हमखास निघतात. तेव्हा एवढं लक्षात ठेवा की फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये त्यांनी केलेल्या २१ दिवसांच्या उपवासात पाण्यात लिंबूवर्गीय फळांचा रस होता, आणि जवळ डॉ. गिल्डर आणि डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्यासारखे डॉक्टर होते.

तिथल्या तीन गोष्टींवर तुम्ही स्वतः नजर ठेवा. पहिली रसाची. मोसंबीच्या २०० मिलीच्या ग्लासात १८ ग्रॅमच्या आसपास साखर असते. दिवसाला चार ग्लास म्हणजे ७० ग्रॅमच्या पुढे. मधुमेह असताना एकदम ग्लास रिता केला, तर शुगर आधी उसळते आणि मग घसरते. निम्मं पाणी घालून, घोट घोट, अर्ध्या तासात प्या, किंवा निम्म्या वेळा कोहळ्याचा किंवा दुधीचा रस मागा. दुधीचा रस पिण्याआधी एक थेंब जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंकून टाका आणि तो ग्लास कोणालाच पिऊ देऊ नका. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. त्यात मध किंवा लिंबू घालून चव झाकणं तर सगळ्यात वाईट.

दुसरी गोष्ट पाण्याची. रस धरून दिवसाला दोन ते अडीच लिटर पुरे. ‘जास्त पाणी, जास्त शुद्धी’ म्हणून चार-पाच लिटर साधं पाणी प्यायलं, तर रक्तातला सोडियम पातळ होतो. भाजीच्या गरम पाण्यात चिमूटभर मीठ घालायची परवानगी डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा. बीपी आहे म्हणून मीठ पूर्ण बंद, हा नियम या पाच दिवसांना जसाच्या तसा लागू होत नाही. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात धरून ठेवते, म्हणून ती गोळी चालू असेल तर शहाळं किती, हेही विचारा.

तिसरी, वाफेची पेटी. मालिश झाली की वाफ, असा क्रम बऱ्याच ठिकाणी ठरलेला असतो. रिकाम्या पोटी, उतरलेल्या बीपीवर, घाम काढून उठलं की भोवळ येते. उपवासाच्या दिवसांत वाफ सरळ नको म्हणा. एनिमाही रोज घेतलाच पाहिजे असं नाही. मूळव्याधीतून रक्त जात असेल, तर आधी सांगा.

शुगर दिवसातून चार वेळा मोजा: पहाटे, अकराला, चारला आणि झोपताना. स्वतःचा ग्लुकोमीटर आणि पन्नास पट्ट्या बरोबर न्या. केंद्राचं यंत्र प्रत्येक वेळी हाताशी असेलच असं नाही. आकडा ७० च्या खाली आला, किंवा घाम, थरथर, धडधड सुरू झाली, तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि त्या दिवशी उपवास संपवा. लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले तर घाबरू नका, ते दिसणारच. पण त्यासोबत उलट्या, पोटात दुखणं किंवा भराभर श्वास असेल, तर केंद्रात न थांबता रुग्णालय. छातीत दुखणं, ठोके चुकणं, बोलण्यात गोंधळ, आठ तास लघवी न होणं, उजव्या बरगडीखाली कळ, यांनाही तोच नियम. बिछान्यातून उठताना आधी कुशीवर या, मिनिटभर पाय खाली सोडून बसा, मग उभ्या राहा. आडवं होऊन, मीठ-लिंबाचं पाणी पिऊन दहा मिनिटांत चक्कर गेली नाही, तर डॉक्टरांना खोलीत बोलवा.

सामानात फार काही लागत नाही. लवकर सुटणारे सैल सुती कपडे, मातीचे डाग चालतील असे दोन जुने पंचे, ऋतू कोणताही असो स्वेटर आणि पायमोजे, न घसरणाऱ्या चपला, रात्रीसाठी बॅटरी, सगळ्या गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटांत, रिपोर्टांच्या प्रती. खाऊ नेऊ नका, शेजारच्या खोलीसाठीसुद्धा.

आता बाहेर पडण्याचं, कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं. पाच दिवसांचा उपवास सोडायला तीन दिवस धरा, आणि ते तीनही केंद्रातच घालवा. उपवासात पाचकरस मंदावलेले असतात, त्यामुळे एकदम भरपेट जेवलं की मुरडा, जुलाब, उलटी. त्याहून गंभीर म्हणजे, पिष्टमय अन्न एकदम आत गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं. त्यांची पातळी घसरली, तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. तुमच्या वजनाला आणि पाच दिवसांना हा धोका मोठा नाही. पण तो पाचव्या दिवसापुढे वाढत जातो, म्हणून ‘छान वाटतंय, अजून तीन दिवस वाढवू या’ या मोहात पडू नका.

पहिल्या दिवशी दर तीन तासांनी थोडं: मुगाचं गाळलेलं कढण एक वाटी, पपईच्या चार-पाच फोडी, पुन्हा कढण, संध्याकाळी उकडलेला दुधी. दुसऱ्या दिवशी मऊ मूगभात एक वाटी, पातळ ताक, शिजवलेली भाजी. तिसऱ्या दिवशी एक ज्वारीची भाकरी, साधं वरण, भाजी. मिरची, कच्ची कोशिंबीर, उसळी, गोड आणि चहा आणखी दोन-तीन दिवस लांब. घोट्यांवर थोडी सूज आली, तर शरीर पुन्हा मीठ-पाणी धरू लागलंय. ती चार-पाच दिवसांत उतरते. चढत गेली किंवा धाप लागली, तर दाखवा. परतीची एसटी साताऱ्याला थांबेल तेव्हा स्टँडवर वडापाव खुणावेल. त्यासाठी पिशवीत दशमी आणि केळं असू द्या. घरी आल्यावर आठवडाभर लग्न, बारसं, सत्यनारायण यांतलं काही नसेल, अशाच तारखा धरा.

‘शुगर कायमची जाईल का?’ दहा दिवसांत नाही. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे परत आल्या आल्या ती करून काही कळणार नाही. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासात, सहा वर्षांपेक्षा कमी काळ मधुमेह असलेल्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं होतं. वर्षानंतर ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. ज्यांचं वजन पंधरा किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. काम केलं ते उतरलेल्या आणि उतरलेल्याच राहिलेल्या वजनाने. तुमच्या शुगरला आठ वर्षं झाली आहेत, म्हणजे अपेक्षा त्याहून कमी ठेवा.

वजनाचाही हिशेब करून ठेवा. पाच दिवसांत काटा तीन-चार किलो खाली दिसेल. रोज पंधराशे कॅलरींची तूट धरली, तर पाच दिवसांत साडेसात हजार, म्हणजे चरबी साधारण एक किलो. बाकी पाणी, मीठ, आतड्यातला ऐवज आणि थोडा स्नायू. यातलं पाणी घरी आल्यावर आठवड्यात परत येणार. मिस्टर तेव्हा ‘बघ, सांगितलं होतं’ म्हणतील. हा हिशेब त्यांना जाण्याआधीच दाखवून ठेवा. थोतांड म्हणावं असं यात बरंच काही विकलं जातं, हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण चहा-साखर सुटणं, सातला जेवणं आणि कमी खाऊनही चालतं हे कळणं, एवढं पदरात पडलं तरी दहा दिवस वाया गेले असं होणार नाही.

शेवटी पुन्हा गोळ्या. उपवासात बीपी १२० आणि शुगर १०० दिसली की पुष्कळ जण ‘आपलं सुटलं’ म्हणून गोळ्या बंदच ठेवतात. अन्न सुरू झालं की दोन्ही आकडे वर यायला लागतात, कधी आठवड्यात, कधी महिन्यात, आणि तेव्हा मोजणारं कोणी नसतं. परतल्यावर पंधरा दिवस रोज सकाळी उपाशीपोटी दोन्ही मोजून वहीत लिहा. चिठ्ठीवरच्या तारखेला आणि आकड्याला डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सुरू करा, आणि पंधराव्या दिवशी ती वही घेऊन त्यांना भेटा. ती भेट जाण्याआधीच ठरवून ठेवा. एचबीएवनसी त्यानंतर तीन महिन्यांनी.